फुजीचे दर्शन, ढगांची मर्जी आणि दहा तासांची मोटार

टोकियोहून एका दिवसात फुजी पर्वत आणि त्याच्या उत्तर पायथ्याची पाच सरोवरे दाखवून आणणाऱ्या खासगी मोटारसेवा आता ढिगाने मिळतात आणि त्यांच्या जाहिरातींतील छायाचित्रेही एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात: पुढे चेरीचा मोहोर, मध्ये लाल रंगाचा पाच मजली पॅगोडा आणि मागे बर्फाची टोपी घातलेला निळा शंकू. नोव्हेंबर २०२४ मधील एका रविवारी आम्ही सहा जणांनी अशीच एक सेवा घेतली. माझे मत आधीच सांगून टाकतो. या सहलीत खासगी मोटारीचा खरा उपयोग एकच आहे, तो म्हणजे ढगांचा रागरंग पाहून ठिकाणांचा क्रम बदलता येणे. आणि नेमके तेच करायला आमची सेवा नाखूश होती. मोटार उत्तम, चालक सज्जन, पण नियोजन डोळे मिटून केलेले, असा एकंदर प्रकार होता. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण एका दिवसाच्या अनुभवावरून कोणाच्या धंद्यावर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही.

आमच्यात माझे सत्तरी ओलांडलेले आईबाबा, मी, माझी पत्नी आणि टोकियोच्या निशिकासाई भागात नऊ वर्षांपासून राहणारे ताई व भावोजी असे सहा जण होतो. आईच्या गुडघ्यांमुळे आगगाडी, बस आणि मग पुन्हा स्थानिक बस हा मार्ग आम्ही सुरुवातीलाच बाद केला. दहा आसनी मोटार, चालक, इंधन, पथकर आणि दहा तास यांचे मिळून ७८,००० येन ठरले होते, म्हणजे तेव्हाच्या दराने ४३,००० रुपयांच्या आसपास. तुलनेसाठी सांगायचे तर टोकियोतील शिंजुकुहून फुजीच्या पायथ्याच्या कावागुचिकोला जाणारी द्रुतगती बस साधारण दोन तासांत पोहोचते आणि तिचे जाण्यायेण्याचे भाडे तेव्हा माणशी चार-साडेचार हजार येनांच्या घरात पडत होते. शिंजुकुहून थेट जाणारी आगगाडीही आहे. त्यामुळे दोन तरुण माणसांनी या प्रवासासाठी खासगी मोटार करणे ही उधळपट्टीच म्हणावी लागेल. सहा जण, त्यांत दोन वृद्ध, असा हिशेब असेल तरच माणशी तेरा हजार येन पटण्यासारखे ठरतात.

आरक्षण करताना ताईने एक गोष्ट आवर्जून विचारली, ती आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येकाने विचारावी. जपानमध्ये भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना असलेल्या वाहनांच्या क्रमांकपट्ट्या हिरव्या असतात आणि खासगी वाहनांच्या पांढऱ्या. पांढऱ्या पट्टीच्या मोटारीतून पैसे घेऊन प्रवासी नेणे तेथे बेकायदा आहे. अपघात झालाच तर विम्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. स्वस्तात मिळणाऱ्या काही सहली अशाच पांढऱ्या पट्टीच्या असतात. आमची मोटार सकाळी ठीक सात वाजता दारात उभी राहिली, ती हिरव्या पट्टीची होती. साठीच्या आसपासचा चालक पांढरे हातमोजे घालून खाली उतरला, आईसाठी त्याने दारापाशी एक छोटी पायरी ठेवली आणि दिवसभर प्रत्येक थांब्यावर न सांगता, न विसरता ती ठेवत राहिला. या एका गोष्टीसाठी मी त्याला पूर्ण गुण देईन.

मात्र ‘इंग्रजी बोलणारा चालक’ हे आश्वासन फसवे निघाले. त्याचे इंग्रजी अभिवादनापुरते आणि वेळ सांगण्यापुरते होते; बाकी सारा व्यवहार मोबाइलवरील भाषांतरावर चालणार होता. आमच्यासोबत जपानी बोलणारी ताई होती म्हणून निभावले. शिवाय चालक म्हणजे मार्गदर्शक नव्हे, हेही आरक्षणाच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेले होते. तो रस्ता दाखवतो आणि गाडी लावतो. समोर दिसणाऱ्या गोष्टीची माहिती देणे त्याच्या कामात बसत नाही. माहिती सांगणारा माणूस हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि ते मोजणे योग्यच ठरले असते असे आता वाटते.

कार्यक्रमपत्रिकेत सात ठिकाणे होती. पर्वताच्या उतारावरील ‘पाचवा टप्पा’ या ठिकाणापासून आरंभ, मग सरोवराकाठी भोजन, ओइशी उद्यान, ओशिनो हाक्काई, पॅगोडा, एका प्रसिद्ध किरकोळ दुकानासमोर छायाचित्र आणि शेवटी सवलतीच्या दुकानांचे मोठे संकुल. हा क्रम नकाशावर पाहता सोयीचा असेल, आकाशाकडे पाहता मात्र तो चुकीचा आहे. फुजी हा एकाकी उभा असलेला ३,७७६ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे; दिवस तापू लागला की उतारांवरून वर चढणारी दमट हवा थंड होऊन त्याच्याच अंगाखांद्यावर ढग धरते. म्हणून वर्षातील बहुतेक काळ तो सकाळी लवकर स्वच्छ दिसतो आणि दुपारी लपतो. थंडीत दर्शनाची शक्यता सर्वांत अधिक, उन्हाळ्यात सर्वांत कमी. एवढी गोष्ट तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही पॅगोडा दुपारी तीन वाजता ठेवणारी पत्रिका कोणी आखली असेल, याचे आश्चर्य वाटते.

चुओ द्रुतगती मार्गावर ओत्सुकीच्या पुढे डोंगरांच्या फटीतून पहिल्यांदा तो शंकू दिसला, तेव्हा आकाश धुतल्यासारखे होते. बाबांनी खिडकीतूनच हात जोडले. ताईने चालकाला विनवले की आधी पॅगोडा घ्या. त्याने गाडी विश्रांतीच्या थांब्यावर वळवली, कार्यालयाला फोन केला, बराच वेळ वाकून वाकून बोलला आणि परत येऊन सांगितले की क्रम बदलता येईल, पण त्यामुळे एखादे ठिकाण राहिले तर तक्रार चालणार नाही. आम्ही आनंदाने मान डोलावली. त्या दहा मिनिटांत आमची सहल वाचली, असे मी आजही म्हणेन. जपानी न येणाऱ्या प्रवाशाला ती वाचवता आली असती की नाही, याची मला शंका आहे.

फुजियोशिदा गावाच्या टेकडीवरील चुरेइतो पॅगोडापर्यंत ३९८ पायऱ्या आहेत. तो पुरातन मंदिराचा भाग असावा अशीच बहुतेकांची समजूत असते, आमचीही होती; प्रत्यक्षात ते युद्धात मरण पावलेल्यांचे स्मारक असून १९६३ मध्ये उभारलेले आहे. खालचे अराकुरा सेन्गेन देवस्थान मात्र जुने आहे. आईबाबा खालीच देवस्थानाच्या प्रांगणात थांबले आणि त्यांचे काही बिघडले नाही, कारण तेथूनही पर्वत पूर्ण दिसतो. आम्ही चौघे वर गेलो. पॅगोडाच्या मागील चौथऱ्यावर पावणेनऊ वाजताच रांग होती, पण ती सरकत होती. ज्याच्यासाठी लोक जगभरातून येतात तो देखावा खरोखरच जाहिरातीसारखा आहे, फक्त मोहोराच्या जागी आमच्या वाट्याला तांबडे मेपल आले. शिखरावर बर्फाची अगदी पातळ झिलई होती. त्या वर्षी कोफू येथील हवामान कार्यालयाने पहिल्या हिमाची नोंद ७ नोव्हेंबरला केली होती. सरासरीने ती २ ऑक्टोबरला होते आणि १८९४ पासूनच्या नोंदींत इतका उशीर कधीच झाला नव्हता. छायाचित्रातील जाड पांढरी टोपी पाहायची असेल त्याने डिसेंबरनंतरच जावे.

एक गोष्ट जाता जाता. जपानी लोक ‘फुजीसान’ म्हणतात तेव्हा आपल्याला ते ‘फुजीराव’ असे आदरार्थी वाटते, पण हा ‘सान’ वेगळा. त्याचा अर्थच पर्वत. तसेच ‘कावागुचिको’मधील ‘को’ म्हणजे सरोवर. तेव्हा ‘कावागुचिको सरोवर’ ही द्विरुक्तीच झाली. अर्थात सह्याद्रीत ‘अद्रि’ असूनही आपण खुशाल ‘सह्याद्री पर्वत’ म्हणतो, त्यामुळे आपल्याला हसण्याचा अधिकार नाही.

तेथून वीस-पंचवीस मिनिटांवर कावागुचिकोच्या उत्तर काठावरील ओइशी उद्यान आहे. उन्हाळ्यात येथे लॅव्हेंडर फुलतो; नोव्हेंबरमध्ये फुलांची शोभा फारशी नव्हती. पण पाणी पुढ्यात, पलीकडे पर्वत, आणि चालायला सपाट पायवाट अशी सोय आईसारख्या माणसासाठी याहून चांगली असणे कठीण. आम्ही तेथे तासभर रेंगाळलो. दहाच्या सुमारास पश्चिमेकडून एक पांढरा पट्टा पर्वताच्या कमरेला बांधला गेला आणि अकराच्या आत शिखरासकट सगळे नाहीसे झाले. ज्या दिशेला सकाळी अवघे क्षितिज व्यापणारा पर्वत होता, तेथे काही होते हे सांगूनही कोणाला पटले नसते. त्याच वेळी पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या येऊन उभ्या राहू लागल्या. त्यांतून उतरणारी माणसे राखाडी आकाशाकडे पाठ करून छायाचित्रे काढत होती. त्यांचा क्रम पत्रिकेप्रमाणे होता.

आता चालकाने पाचव्या टप्प्याचा आग्रह धरला, कारण पत्रिकेत ते पहिले नाव होते. हा टप्पा म्हणजे २,३०५ मीटर उंचीवरील गाडीरस्त्याचे टोक. १९६४ मध्ये खुल्या झालेल्या सुबारू पथकर मार्गाने तेथवर मोटार जाते. उंचीचे आकर्षण मी समजू शकतो, आपल्या कळसूबाईपेक्षा साडेसहाशे मीटर अधिक उंचीवर चपला घालून उतरता येते. पण तेथे जाऊन आलेल्या भावोजींचे म्हणणे असे की डोंगरावर उभे राहिले की डोंगर दिसत नाही. खालचा देखावा हाच तेथील ठेवा आणि तो ढगात असेल तर उरतात ती भेटवस्तूंची दुकाने, उपाहारगृहे आणि कोमिताके देवस्थान. बाबांना उंचीवर दम लागतो, हेही होतेच. आम्ही तो बेत रद्द केला. त्या मार्गाचा पथकर ठरलेल्या रकमेत धरलेला होता, तो परत मिळाला नाही. मिळणार नाही हे आम्हाला आधी सांगितले होते, म्हणून त्याबद्दल कुरकुर करत नाही. मात्र शिखरावर चढू इच्छिणाऱ्यांनी ही सहल घेऊ नये. चढाईचा हंगाम जुलै ते सप्टेंबरच्या आरंभापर्यंतच असतो आणि २०२४ पासून योशिदा वाटेवर चढाईशुल्क व दिवसाला ४,००० माणसांची मर्यादा लागू झाली आहे. तो वेगळ्या तयारीचा विषय आहे.

पर्वत झाकलेला असताना पाहावे असे ठिकाण म्हणजे ओशिनो हाक्काई. फुजीवरचे वितळलेले बर्फ आणि पाऊस लाव्हाच्या सच्छिद्र थरांतून वर्षानुवर्षे झिरपत येतो आणि या खेड्यात आठ तळ्यांच्या रूपाने वर निघतो. पाणी इतके नितळ की तळाची शेवाळाची पाने मोजता यावीत. १९३४ पासून या तळ्यांना राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे. आमच्या चालकाने न सांगितलेली आणि ताईने सांगितलेली मेख अशी की दुकानाच्या मधोमध असलेले, सर्वांत खोल व निळे दिसणारे आणि सर्वाधिक गर्दी खेचणारे तळे या आठांत मोजलेच जात नाही. ते माणसाने केलेले आहे. खरी तळी थोडी बाजूला, शांत आणि कमी देखणी आहेत. गावात भाजलेले तांदळाचे लाडू, वाळवलेले मासे आणि लोणची यांचीच चलती अधिक, म्हणून पाऊण तासावर थांबू नये.

भोजनाची व्यवस्था हा या सेवेचा सर्वांत लंगडा भाग होता. आरक्षणाच्या अर्जात ‘शाकाहारी’ या चौकटीत आम्ही खूण केली होती; तिचे पुढे काय झाले हे कोणालाच माहीत नव्हते. यामानाशी प्रांताच्या खास पदार्थाचे नाव ‘होतो’: जाड, पसरट शेवया आणि लाल भोपळा मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्श्यात शिजवून लोखंडी भांड्यात उकळताच पुढ्यात आणतात. भोपळा, कोबी, गाजर पाहून आईला तो पदार्थ आपल्या वरणफळांचा भाऊबंद वाटला आणि ती खुश झाली; पण रश्श्याचा पाया बहुधा सुकवलेल्या माशांच्या पाण्याचा असतो आणि चालकाने नेलेल्या उपाहारगृहातही तसाच होता. आम्ही चौघांनी हा ‘होतो’ खाल्ला, तो थंडीत अप्रतिम लागतो हे नमूद करायला हवे. आईबाबांनी ताईने बांधून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे गोड लोणचे खाल्ले, तेही बाहेर गारठ्यात बाकावर बसून, कारण मोटारीत खाण्याला मनाई होती. शाकाहारी मंडळींनी कोणत्याही सेवेच्या चौकटीवर विसंबू नये; शिदोरी बरोबर घ्यावी.

दुपारी दीडच्या सुमारास पत्रिकेत उरली होती ती दुकानासमोरचे छायाचित्र आणि खरेदीचे संकुल. पहिल्याबद्दल एवढेच सांगतो की त्या दुकानामागे पर्वत दिसतो म्हणून तेथे इतकी झुंबड उडू लागली की मे २०२४ मध्ये गावाने समोरच्या पदपथावर काळा पडदा लावला आणि ऑगस्टमध्ये तो काढला. जेथील रहिवासी आपल्या वागण्याला कंटाळले आहेत तेथे सहा जणांनी जाऊन भर घालण्यात आम्हाला गंमत वाटली नाही. संकुलालाही नकार दिला आणि त्याऐवजी पश्चिमेकडची सरोवरे मागितली, जी पत्रिकेत नव्हतीच. पाच सरोवरांच्या नावाने सहल विकायची आणि एकच सरोवर दाखवायचे, ही या सेवांची सर्रास रीत दिसते.

पश्चिमेकडचा रस्ता आओकिगाहारा अरण्यातून जातो आणि माझ्यापुरता तो या दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग ठरला. इ. स. ८६४ मध्ये फुजीच्या उत्तर-पश्चिम उतारावरून निघालेल्या लाव्हाने तेथील सेनोउमी नावाचे विस्तीर्ण सरोवर भरून काढले. उरलेल्या पाण्याचे तुकडे म्हणजे आजची साइको आणि शोजिको. शेजारचे मोतोसुकोही त्याच लाव्हाने वेढलेले असून तिन्ही सरोवरांच्या पाण्याची पातळी आजही एकसारखी असते. त्याच लाव्हावर हे अरण्य उगवले. रस्त्याच्या कडेला मुळे जमिनीत न शिरता काळ्या दगडावर बोटे पसरल्यासारखी आडवी पडलेली दिसतात, कारण खाली मातीच नाही. तो दगड हातात घेतला तर घाटात वाढलेल्या माणसाला ओळखीचाच वाटतो. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच. पण आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, पावसाने झिजून किल्ल्यांचा झालेला, आणि हा जेमतेम साडेअकराशे वर्षांचा, अजून खरखरीत. चालकाला येथे थांबायचे कारण कळत नव्हते. आम्ही दगड पाहत उभे असताना तो घड्याळ पाहत होता.

साइकोच्या काठी गवताने शाकारलेल्या घरांचे एक छोटे खेडे आहे. १९६६ च्या वादळात दरड कोसळून जुने गाव उद्ध्वस्त झाले आणि २००६ मध्ये त्याच जागी ही घरे संग्रहालय म्हणून उभी केली गेली. आम्हाला तेथे अर्धाच तास देता आला, तो अपुरा पडला.

मोतोसुकोला पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि नोव्हेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. हे पाचांतील सर्वांत खोल सरोवर, सुमारे १२१ मीटर, आणि सर्वांत निर्जन. काठावर दुकाने जवळजवळ नाहीत. पाचेक मिनिटांनी ढगांचा पडदा वरून खाली सरकू लागला आणि आधी शिखर, मग खांदे असा पर्वत उलट्या क्रमाने बाहेर आला. उतरत्या उन्हात बर्फ किंचित केशरी दिसत होते. तेव्हा आमच्या चालकाने, जो दिवसभर आमच्या मागण्यांनी गोंधळलेला होता, खिशातून पाकीट काढले, त्यातून जुनी हजार येनची नोट काढली आणि बाबांच्या हातात ठेवली. तिच्या मागील बाजूवर हेच सरोवर, हाच पर्वत. जुलै २०२४ पासून नवीन नोटा आल्या आणि हे चित्र बदलले, पण जुनी नोट त्याने जपून ठेवली होती. बाबांनी नोट समोर धरून दोन्ही पर्वत एकमेकांशी ताडून पाहिले आणि दोन्ही हातांनी ती परत दिली. सकाळपासून त्या दोघांमध्ये झालेला हा एकमेव संवाद, आणि त्यात शब्द नव्हता.

परतीचा प्रवास कंटाळवाणा आणि महाग झाला. रविवारी संध्याकाळी टोकियोकडे येणारी वाहने चुओ मार्गावरील कोबोतोके बोगद्यापाशी तुंबतात, हे तेथील रहिवाशांना पाठ आहे. वाहतुकीच्या बातम्यांत ते नाव नेमाने येते. आरक्षण करताना रविवार निवडला तेव्हा सेवेने त्याची सूचना द्यायला हवी होती. दहा तास पाच वाजता संपले आणि आम्ही सात वाजून दहा मिनिटांनी दारात पोहोचलो. जादा वेळेचा दर तासाला ८,००० येन असा लिहिलेला होता, पण अपुरा तासही पूर्ण धरला जाईल हे कोठेही लिहिलेले नव्हते. दोन तास दहा मिनिटांचे २४,००० येन लावले गेले आणि एकूण रक्कम १,०२,००० येनांवर गेली. मोतोसुकोचा फेरा आम्हीच मागितला होता, तेव्हा जादा तासांची जबाबदारी आमचीही आहे हे मान्य. आक्षेप आहे तो दहा मिनिटांच्या तासाला. दुसऱ्यांदा जाण्याची वेळ आली तर मी आठवड्यातील मधला वार निवडेन, साडेसहाला निघेन, आणि हवामान पाहून क्रम बदलण्याची व जादा वेळ अर्ध्या तासाच्या हिशेबाने मोजण्याची अट लेखी घेईन.

चालकाला बक्षिसी देण्याचा प्रयत्न बाबांनी केला, तो त्याने ठामपणे नाकारला. तेथे तशी पद्धत नाही. आईने मात्र पोह्यांच्या चिवड्याचे पाकीट पुढे केले, ते त्याने वाकून घेतले. जादा आकारणीबद्दल ताईने दुसऱ्या दिवशी जपानीत पत्र लिहिले. चार दिवसांनी दिलगिरीच्या सहा ओळी आल्या आणि त्यांच्यासोबत ८,००० येन परत आले.